घेर

पारोळ्याच्या बाजारपेठेत आप्पांचं दुकान,
निकुंभ टेलर्स. मशिनी दोन, चालू एक.
भिंतीत खिळा, खिळ्याला टेप,
पहिला इंच बोटांनी झिजून गेलेला,
म्हणून आप्पा एकच्या रेघेपासून मोजतात
आणि मनातल्या मनात एक वजा करतात.

वरच्या खोलीत माझी लॅब.
सकाळी सात ते दहा. उपाशीपोटी यावे.

सुपडूतात्या चौधरी, लाकडी घाण्याचे मालक,
आप्पांच्या वहीत त्यांचं पान अठ्ठ्याण्णव सालापासूनचं.
कंबर छत्तीस.
पोरीच्या लग्नाला छत्तीस.
नातवाच्या जावळालाही छत्तीस.
मी म्हटलं, काय राखलंय तात्यांनी शरीर!
आप्पा सुईत दोरा ओवत होते.
"कंबर खोटं बोलस, बेटा.
पोट वाढनं का मानूस पट्टा खाले सरकावस.
छत्तीस तसंच राहस, फक्त खाले उतरस."

मग मी तात्यांना माझ्या जागी मोजलं,
शेवटची बरगडी आणि खुब्याचं हाड
यांच्या बरोबर मध्ये.
त्रेचाळीस.
तात्या म्हणाले, एवढं कापड कोण देणार?

नळी फिरून थांबली.
तळाशी लाल, ते ठीक.
वर हवं होतं फिकट पिवळं, नितळ,
पहिल्या धारेच्या करडईसारखं.
वर ताक होतं.
तात्यांनी नळी खिडकीच्या उजेडात धरली,
आयुष्यभर तेलाची बाटली धरली तशी,
एक डोळा मिटून.
"हाई तेल कोनी गाळेल नई."

चारशे बारा, मी लाल शाईनं लिहिलं.
सांगितलं, रक्तात चरबी फार आहे, पोटाचा घेर फार आहे,
दोन्ही एकाच माणसात बरी नव्हेत, डॉक्टरांना दाखवा,
रात्रीची शेवभाजी, तिच्यावरचा तो तवंग,
लग्नातली तुपात बुडवलेली बट्टी,
आणि चाला तात्या, नुसतं गल्ल्यावर बसू नका.
"घानावालाना रगतमा तेल नई ते काय पानी राही?"
ते हसले.
मीही हसले.
हसायला नको होतं, असं नाही.
पण तेव्हा मी त्यांच्या हातात चिठ्ठी द्यायला हवी होती
आणि पोराला फोन करायला हवा होता.

पौषात, सकाळी, ढेप मापताना
तात्यांच्या हातून मापटं सुटलं.
वाकून उचललं. पुन्हा सुटलं.
तिसऱ्या वेळी त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं,
कोणी आपला हात तिथं विसरून गेल्यासारखं.
ओठाची एक कड उतरली.
काकू म्हणाल्या, जरा पडा.
कोणी म्हणालं, अंगावरून वारं गेलं.
कोणी कांदा फोडून हुंगवला.
धुळ्याला गाडी निघाली तेव्हा साडेअकरा वाजले होते.
मापटं सुटलं ते सातला.
मेंदूला इतकी वाट पाहता येत नाही.

होळीनंतर मुलानं त्यांना दुकानात आणलं.
खुर्ची, खुर्चीत तात्या, मांडीवर तो हात.
आप्पा गुडघ्यावर बसले,
आणि वहीत चाळीस वर्षांत पहिल्यांदाच
एका माणसाच्या पायांची दोन मापं लिहिली:
डावी मांडी तेवीस, उजवी साडेएकवीस.
बटणं नकोत, चिकटपट्टी लावू.
हुक नको, इलॅस्टिक.
पट्टा कुठे बांधता, हे विचारलं नाही.
तात्या काहीतरी म्हणाले,
ते मुलाला कळलं, आम्हाला नाही.

रात्री शटर अर्धं ओढलं.
मी वही चाळली. सगळी बाजारपेठ आहे तिच्यात,
सराफ, कापूसवाले, दोन नगराध्यक्ष.
आप्पांचं पान नाही.
शिंप्याला कोण मोजणार?
उरल्या कापडातून अंदाजानं शिवत आले.

मी खिळ्यावरची टेप काढली.
आप्पांनी हात वर केले, गिऱ्हाईक करतं तसे.
मी बरगडी चाचपली, हाड चाचपलं,
टेपचा थंड पत्रा त्यांच्या पोटाला लागला
आणि माझा बाप आत ओढला गेला,
बनियनच्या आत, बरगड्यांच्या आत,
बरोबर छत्तीसमध्ये मावायला.

"आप्पा, श्वास सोडा."
"सोडेल शे," आप्पा म्हणाले,
न सोडता.